असू दे, धूळ बसत नाही

आदरणीय विहीणबाई,

तुमच्या व्याह्याचा कमरेत वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढं प्रत्यक्ष वाकलो, उरलेलं मनातल्या मनात, ते धरून घ्यावं). तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? तुम्ही सुचवलेलं ते मलम आमच्या सौ.नेही आणलं. तिचा गुडघा होता तिथेच आहे, मलमाची ट्यूब मात्र दुकानातून आणली तशी कोरीकरकरीत दिसते, कारण तिने वरचं प्लास्टिकचं वेष्टण काढलेलंच नाही. तोंडापाशी कात्रीने एवढंसं भोक पाडून ती त्यातून मलम काढते. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आमच्याकडे सगळं ठीक. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावई, तर उत्तमच आहेत. जेवण उत्तम, झोप उत्तम, बोलणं मधाळ. इतके उत्तम आहेत की परत जायचं नावच काढत नाहीत. (कृपा करून हे वाक्य तक्रार म्हणून वाचू नये. सासऱ्याच्या तोंडी जावयाची तक्रार शोभत नाही, हे मला कळतं. म्हणून तर तोंडाने न बोलता पेनने लिहितोय.) आता फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. माझ्या कानांची अवस्था तुम्ही जाणताच. फोनचा आवाज पूर्ण मोठा केल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि तो तसा केला की पलीकडचा माणूस काय बोलला हे आमच्या आधी शेजारच्यांना कळतं. जावई तर शेजारच्याच खोलीत. कॉम्प्युटरवरून लिहावं म्हटलं तर कॉम्प्युटरपाशीच जावई. तेव्हा न्हाणीघराच्या दाराला टेकून, बादली उलटी करून, तिच्यावर बसून हे लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर दोष बादलीचा.

झालं असं. मी जन्मभर लोकांचे दात बनवत आलो (पाडत नाही, पाडणारे डॉक्टर वेगळे, त्यांना मान जास्त). पूर्वी मेण, साचा, कानस असं सगळं हाताने चालायचं. आता डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा फोटो कॉम्प्युटरवर पाठवतात, आणि मी खुर्चीत बसून पडद्यावरचा दात सगळ्या बाजूंनी फिरवून फिरवून त्याला आकार देतो. काम आरामाचं आहे, पण माझा जुना कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. दाढ फिरवायला सांगितली की तो विचारात पडायचा. मी उठून चहा टाकायचा, गाळायचा, पिऊन कप विसळून यायचं, तोवर दाढ जेमतेम कुशीवर वळलेली असायची. त्यातच एका वकीलसाहेबांचे पुढचे दोन दात माझ्याकडे येऊन पडले (म्हणजे त्यांचं काम येऊन पडलं, दात आधीच पडले होते). ते गृहस्थ तोंडासमोर रुमाल धरून कोर्टात उभे राहतात आणि न्यायाधीशांना वाटतं हे रडतायत. डॉक्टरांचे निरोपावर निरोप येऊ लागले, तेव्हा ठरवलं की आता नवा कॉम्प्युटर घ्यायचाच.

ही बातमी लेकीच्या कानावर गेली, लेकीकडून जावयांच्या, आणि जावई म्हणाले की बाबा, बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नका, मी येतो, सुटे भाग आणून स्वतः जोडतो, अर्ध्या तासाचं काम. आता त्यांच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नव्हतं. विमा कंपनीतली टेबलावरची नोकरी सोडून ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकतायत, तुम्ही त्यासाठी घराची पुढची खोली मोकळी करून दिलीत, स्वतःचा पलंग आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवलात, पाटी रंगवून तयार आहे, हे सगळं मला माहीत आहे. (पलंगाचं ऐकून सौ.चे डोळे भरून आले होते. खरंच सांगतो.) तेव्हा दुकान उघडण्याआधी पहिलं काम घरच्या माणसाचं, तेवढाच शुभशकुन, असा त्यांचा विचार. लेकीला ट्रेनिंगमुळे येता आलं नाही. जावई एकटेच आले, खांद्यावर पिशवी, हातात स्क्रू-ड्रायव्हरचा नवा संच, चेहऱ्यावर अर्धा तास.

जेवणाच्या टेबलावर खोकी उघडली गेली. मी आणि सौ. दोन बाजूंना उभे. आधी मदरबोर्ड निघाला. हा म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातला कर्ता, सगळे भाग येऊन याच्यावर बसतात आणि हा ज्याला ओळखेल तोच घरचा. मग निघालं ग्राफिक्स कार्ड. दाढा फिरवण्याचं काम याचं. विटेएवढं जाडजूड, वर दोन पंखे, आणि खालच्या कडेला सोनेरी रंगाच्या बारीक दातांची एक रांग. ही रांग मदरबोर्डावरच्या खाचेत बसली की झालं. त्या रांगेवर कंपनीने पारदर्शक प्लास्टिकची एक लांबट टोपी चढवलेली होती. जावयांनी ती टोपी काढायला नख लावलं मात्र, आणि आमच्या सौ.च्या तोंडून आपसूक शब्द निघाले, ‘असू दे ना, धूळ बसत नाही.’

विहीणबाई, हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो, त्याची बटणं वरून चाचपडत दाबावी लागतात. सोफा प्लास्टिकखाली आहे, उन्हाळ्यात पाहुणा उठला की सोफाही थोडा त्याच्याबरोबर उठतो. फ्रिजच्या मुठीला प्लास्टिक, गादीला प्लास्टिक (रात्री कूस बदलली की चोर आल्यासारखा आवाज होतो), भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर कंपनीची पातळ झिल्ली, तिच्यावर छापलेल्या दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांमुळे घड्याळात नेहमी चार काटे दिसतात. माझ्या चष्म्याच्या काचेवरचं कागदी लेबल मी स्वतः दुकानातच खरडून टाकलं म्हणून आज मला दिसतंय. पण हे मला ठाऊक. जावयांनी ऐकलं ते सासूबाईंचं वाक्य. तुमचे चिरंजीव किती मर्यादशील, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही, तुम्हीच वाढवलंत. त्यांनी नख मागे घेतलं, ‘बरोबर आहे आई’ म्हणाले, आणि टोपीसकट कार्ड खाचेवर ठेवून दाबलं.

बसेना. जरा जोर लावला. थोडंसं बसल्यासारखं झालं, पण आत रुतल्याचा ‘खट्’ काही आला नाही, आणि कार्ड बोटाच्या पेराएवढं उंच राहिलं. त्यामुळे मागचा स्क्रू त्याच्या भोकासमोर येईना. यावर सौ.ने शिवणाच्या पेटीतून जाड दोरा आणून दिला आणि जावयांनी कार्ड सांगाड्याला दोऱ्याने बांधून टाकलं. (गाठ सौ.ने मारली. दोघांचं फार जमतं.) बटण दाबलं, पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले, मी टाळ्या वाजवल्या, आणि पडद्यावरच्या यादीत पाहतो तर बाकी सगळ्यांची नावं आहेत, कार्डाचं नाही. मदरबोर्ड त्याला ओळखच देईना. शेजारी बसलंय, दिवे लावून बसलंय, पण ओळख नाही. लग्नघरात असे नातेवाईक असतात, त्यामुळे सौ.ला त्याचं काही वाटलं नाही.

तेव्हापासून घोडं नेमकं कुठे पेंड खातंय याचा शोध चाललाय. जावयांनी काय केलं नाही ते विचारा. ड्रायव्हर म्हणून काही असतात, ते काढले, घातले, जुने घातले, परत नवे घातले. बायोस नावाचा कुणी आत बसलेला असतो, त्याला ताजा केला. बोर्डावरची गोल बॅटरी काढून त्याची स्मरणशक्ती घालवली, तर तो तारीख-वारही विसरला, कार्डाला ओळखणं लांबच. रॅमच्या पट्ट्यांच्या जागा बदलल्या. वायरी बदलल्या. भिंतीतलं सॉकेट बदललं. टेबलाची दिशा बदलली (ही सूचना सौ.ची). सगळं करून झालं की जावई कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची बाजू उघडतात, दोरा सोडतात, कार्ड बाहेर काढतात, आणि एक गोष्ट मला समजत नाही, ते कार्ड आधी सौ.पुढे नेऊन धरतात. आई, बघा कसं आहे, हे दात बघा कसे चकाकतात, असं म्हणून चांगलं तिच्या नाकासमोर फिरवतात. बिचाऱ्यांना वाटत असेल सासूबाईंना कौतुक आहे. ती म्हणते छान आहे हो, आणि भाजी निवडत राहते. मग ते कार्ड घेऊन परत जातात.

इथवर तुम्हाला सगळं गमतीचं वाटेल. पण आल्याच्या दुसऱ्याच रात्री जेवताना त्यांनी घास ताटात ठेवला आणि खाली मान घालून म्हणाले की बाबा, घरचं पहिलं काम जमत नाही, मग कुठल्या तोंडाने दुकान उघडू? हे चालू झालं नाही तर पाटी उतरवतो, आईचा पलंग पुन्हा पुढच्या खोलीत आणतो आणि विमा कंपनीत जाऊन त्याच साहेबापुढे उभा राहतो. विहीणबाई, त्या साहेबाबद्दल जावई आजवर काय काय बोललेत ते मी पत्रात लिहू शकत नाही. सौ.ने त्यांच्या ताटात वाढत वाढत अर्धं पातेलं रिकामं केलं, तिची काळजी करायची पद्धत तीच.

आणि आता मुख्य भाग सांगतो, जवळ या. (दार लावून घ्या. सूनबाई ट्रेनिंगहून लवकर येते कधी कधी.) मला कारण कळलंय. जावई आंघोळीला गेले असताना मी टॉर्च घेऊन कॅबिनेटमध्ये डोकावलो. आयुष्य दात बसवण्यात गेलं माझं. उंच राहिलेला दात मी खोलीच्या दारातून ओळखतो, आणि दात उंच राहिला की खाली काहीतरी अडकलेलं असतं, यात दुसरं शास्त्र नाही. ती टोपी! सोनेरी दात टोपीत, टोपी खाचेच्या तोंडावर, दातांचा आणि खाचेचा एकमेकांना स्पर्शच नाही. मदरबोर्ड ओळखणार कसा? त्याला आपण प्लास्टिक दाखवतोय!

मला वाटलं झालं, सुटलो. आणि लगेच लक्षात आलं की सुटलो कसला, अडकलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ! जावयांना सांगावं तर दुकान उघडणाऱ्या माणसाला कवळ्या बनवणारा सासरा शिकवतोय, आणि तेही टोपी काढायची राहिली म्हणून! पाटी त्याच दिवशी उतरेल. सौ.ला सांगावं तर तिच्या एका वाक्यामुळे जावयाचा संसार पणाला लागला, असा त्याचा अर्थ. ती महिनाभर माझ्याशी बोलणार नाही आणि स्वतःला वर्षभर बोल लावेल. बरं, गुपचूप काढून टाकावी, तर जावई दिवसातून कितीदा तरी कार्ड काढतात, टोपी गेलेली दिसली की कुणी काढली हे त्यांना कळायला वेळ लागणार नाही, घरात माणसं आहेत किती? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेव्हा मी ठरवलं, सरळ सांगायचं नाही, सुचवायचं. लेकी बोले सुने लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी जावयांसमोर रिमोट घेतला आणि त्याची पिशवी टराटरा फाडली. मोठ्याने म्हटलं, वस्तूचं प्लास्टिक वेळेवर काढलं की वस्तू कशी झटकन काम करते, नाही का! जावई म्हणाले, खरंय बाबा, आणि बायोस ताजा करायला गेले. मग फ्रिजची मूठ सोलली. मग घड्याळाची झिल्ली (तेव्हा कळलं की ते सात मिनिटं मागे आहे). मग सोफा. सोफ्याचं प्लास्टिक ओढताना असा आवाज झाला की शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळे सुखरूप ना? मी प्रत्येक वेळी जावयांना हाक मारून समोर उभं करतो, प्लास्टिक त्यांच्या डोळ्यांसमोर काढतो, आतली वस्तू दाखवतो, म्हणतो बघा, आता कसा स्पर्श होतो! ते सोफ्यावर हात फिरवतात, वा म्हणतात, मोकळं वाटतं म्हणतात, आणि सौ.कडे बघून हसतात. पालथ्या घड्यावर पाणी. आणि सौ.! ती माझ्याकडे अशी बघते की जणू मी घरात उघडा फिरतोय. काल तिने मुलीला फोन करून हळूच विचारलं की पुरुषांना या वयात असं काही होतं का.

असो. आता गादीची पाळी आहे. त्याउपर घरात सोलण्यासारखं मीच उरेन. वकीलसाहेब अजून रुमालात आहेत. तुमच्या प्रकृतीला जपा, जिना सावकाश उतरा. लहानमोठ्यांना आमचा नमस्कार-आशीर्वाद, ज्याचा जो असेल तो ज्याने त्याने निवडून घ्यावा.

आपला,
बादलीवर बसलेला व्याही

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. एवढं लांबण लावलं ते एका कामासाठी. जे सासऱ्याने सांगितलं तर अपमान होतो, ते आईने सांगितलं तर नुसतं ओरडणं होतं. आईचं ओरडणं कुणी मनाला लावून घेत नाही. तेव्हा पत्र मिळताच तुम्ही चिरंजीवांना फोन करा, गुडघ्याचं सांगा, जेवलास का विचारा, आणि जाता जाता म्हणा की अरे, त्या कार्डाच्या दातांवरचं प्लास्टिक काढलंस ना रे बाबा? कुणी सांगितलं विचारलं तर म्हणा, आई आहे मी तुझी. यावर उत्तर नसतं. दुकान वाचेल, तुमचा पलंग वाया गेला असं होणार नाही, आणि माझं नाव येणार नाही. तुमच्यापुढे दातांच्या कण्या करतोय, माझ्यासाठी नव्हे, पोरासाठी. तो कसाही असो, त्या साहेबापुढे परत उभा राहिलेला मला बघवणार नाही.

दुसरा ता. क. (दोन दिवसांनी). पत्र अजून माझ्याच खिशात आहे. काल टाकायला निघालो तर जावई म्हणाले बाबा, तुम्ही कशाला उन्हात, द्या मी टाकतो. पत्ता त्यांच्याच घरचा! म्हटलं राहू दे, अजून दोन ओळी लिहायच्यात. आणि बरंच झालं, कारण आता तुम्ही फोन करू नका. सुंठीवाचून खोकला गेला! आज दुपारी मी गादी सोलली. जावयांनी कार्ड काढून नेहमीप्रमाणे सौ.च्या भाजीच्या ताटलीशेजारी आणून ठेवलं होतं. गादीचा आवाज ऐकून ती तरातरा आत आली, उघडी गादी पाहिली, तशीच उलटपावली भाजीकडे गेली, आणि तिचा तोल सुटला. माझ्या घराची सालं काढलीत, म्हणाली, एक वस्तू अंगभर कपड्यांत ठेवली नाहीत, मग ही एकच कशाला ठेवलीत? आणि कार्ड उचलून तिने त्याची टोपी खस्सकन ओढली आणि कोपऱ्यात भिरकावली. मला दातखीळ बसली. जावयांनी कार्ड घेतलं, आत नेलं, खाचेवर ठेवून दाबलं. खट्! विहीणबाई, इतका गोड आवाज मी माझ्या बारशाच्या पाळण्यातही ऐकला नसेल. स्क्रू आपल्या भोकासमोर येऊन उभा. यादीत कार्डाचं नाव. दाढ अशी गर्रकन फिरली की मलाच भोवळ आली. वकीलसाहेबांचे दात संध्याकाळपर्यंत झालेसुद्धा.

पण आनंदात मिठाचा खडा पडलाच. जावई सौ.ला काय म्हणाले असतील? आई, सकाळचं बायोसचं अपडेट आत्ता लागू झालं बघा, थोडा वेळ लागतो त्याला! डोळ्यांदेखत टोपी निघाली तरी याच्या लक्षात येत नाही! सौ. खूश, बायोसचं कौतुक करतेय, आणि मी मात्र आतून खचलो. अशा माणसाच्या दुकानात लोक आपले कॉम्प्युटर घेऊन येणार? एखाद्याच्या कार्डावर टोपी राहिली तर हा त्याचा बायोस ताजा करत बसणार? विहीणबाई, खरं सांगतो, आज पहिल्यांदा वाटलं की विमा कंपनीतला साहेब काही इतका वाईट नसावा.

तिसरा ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद खोडलेला समजा. (सौ. खोडरबर पिशवीतून काढू देत नाही, आणि शाईला तो चालतही नाही.) जावई आत्ताच गेले. मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो होतो. पिशवी खांद्यावर टाकली, नमस्काराला वाकले, आणि उठताना शर्टाच्या खिशातून काय काढलं असेल? ती टोपी! म्हणाले, बाबा, मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण आईंनी असू दे म्हटलं होतं, मग मी काढली असती आणि चालू झालं असतं तर त्यांना किती लागलं असतं? म्हणून रोज त्यांच्यासमोर नेऊन धरत होतो, म्हटलं त्यांनाच दिसेल, त्यांच्याच हातून निघेल. तुम्हीही कळून गप्प होतात ना? तुम्ही सोफा सोललात तेव्हाच ओळखलं. मी विचारलं, मग दुकानाचं ते खोटंच बोललात का, तर म्हणाले की ते बोललो तेव्हा खरंच धीर सुटला होता, टोपीचं नंतर कळलं.

विहीणबाई, मी ज्याला मठ्ठ समजत होतो तो माझ्यापेक्षा पक्का निघाला, आणि मनाने कितीतरी मोठा. गिऱ्हाइकाची चूक गिऱ्हाइकाला कळू न देता दुरुस्त करणारा दुकानदार! या दुकानासमोर रांग लागेल, माझे शब्द लिहून ठेवा. पलंग आतच राहू द्या. टोपी ते आठवण म्हणून दुकानात ठेवणार आहेत. आता एकच विनंती, यातलं अक्षरही आमच्या सौ.च्या कानावर जाता कामा नये. तिला अजून वाटतंय ते बायोसनेच झालं, आणि तसंच वाटत राहावं अशी आम्हा दोघा पुरुषांची इच्छा आहे. हे पत्र मी माझ्या हाताने पेटीत टाकणार. फक्त पाकिटाला डिंक हवा, तो तेवढा तिच्या कपाटात आहे, तो मागून आणतो.

विहीणबाई, स. न. डिंकाची बाटली बंद पिशवीत असते, यांना उघडता येत नाही, म्हणून पाकीट डकवायला माझ्याकडेच दिलं. मी वाचलं. दोन धडधाकट पुरुष, एक माझ्या नाकासमोर ते कार्ड नाचवत होता आणि दुसरा माझं घर सोलत होता, पण ‘आई, ही टोपी काढू का’ एवढं विचारायला एकालाही तोंड नव्हतं! मी काय खाल्लं असतं का कुणाला? तेव्हापासून स्वयंपाकघरात तोंड लपवून हसतेय, आणि मधेच डोळ्यांना पदरही लावतेय. इतकं जपतात हो मला, मला माहीतच नव्हतं. तुमच्या लेकराला मात्र सांगू नका मला कळलंय म्हणून. त्याला वाटू दे बायोसनेच झालं असं मला वाटतं. सोफ्याला नवीन प्लास्टिक घातलंय. आणि कुणी इकडे येणार असेल तर ती टोपी तेवढी पाठवून द्या, चांगलं जाड प्लास्टिक आहे, कशाला तरी होईल.